एक दिवसाचा पगार

माझ्या मोठ्या मामेबहिणीच्या घरातून आजवर एकही वस्तू सहीशिवाय बाहेर गेलेली नाही, आणि यात तिची मुलगी धरलेली आहे. पाठवणीच्या वेळी सगळे डोळे पुसत असताना ताईने जावयापुढे एक कागद धरला. त्यावर दागिने, भांडी आणि पाचव्या क्रमांकावर 'पासपोर्ट, मूळ प्रत' अशी यादी होती. जावई बँकेत असल्यामुळे त्याला यात काही वावगं वाटलं नाही. त्याने शांतपणे वाचून सही केली, आणि मग ताईने निश्चिंत मनाने रडायला सुरुवात केली. ठाकुर्लीच्या तिच्या घरात, देवघराच्या खालच्या कप्प्यात, बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. त्यात हे सगळे कागद असतात. ताई त्यांना 'पोच' म्हणते. इस्त्री, शिडी, वाटीभर साखर, काहीही न्या, पोच लिहून द्यावी लागते. वस्तू परत आली की ताई ती पोच आपल्यासमोर फाडते आणि तुकडे आपल्याच हातात देते. माझीही एक पोच त्या डब्यात आहे : 'पुरणयंत्र एक, जाळ्या दोन, मूठ किंचित ढिली, मिळाले.' खाली माझी सही. तिला आता अकरा वर्षं झाली.

यात अविश्वास नसतो, हे समजायला मला बराच काळ लागला. ताई स्वतः काही घेते तेव्हाही न मागता पोच लिहून देते. एकदा तिने माझ्याकडून पेन घेतलं आणि त्याच पेनाने त्या पेनाची पोच लिहून दिली. वाटणीच्या बाबतीतही तसंच. तिच्या घरी कलिंगड कापलं की पाहुणे आपली फोड उचलण्याआधी थोडे थांबतात, कारण ताई अजून मागे सरून बघत असते. सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसाद वाटायला तिला बसवलं तर पहिल्या माणसाला आणि शेवटच्या माणसाला अगदी सारखाच शिरा मिळतो. शेवटच्याला तो गार मिळतो, एवढंच. भावोजी, म्हणजे तिचे यजमान, फारसे बोलत नाहीत. ते एकदाच मला म्हणाले होते, "लग्नाआधी माझी सही अगदी गिचमिड होती. आता लोक विचारतात, कुठे शिकलात?"

ताई ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत होती. कारखान्यात जाणारी ड्रॉइंग्ज तपासणं हे तिचं काम. तिने सव्वीस वर्षं ते केलं, आणि तिच्या हाताखालून गेलेला एकही व्हॉल्व्ह गळत नाही, असं ती सांगायची. आम्ही कुठे बघायला जाणार? नऊ वर्षांपूर्वी तिच्या शेजारच्या टेबलावर निखिल नावाचा मुलगा आला. कल्याणचा, हुशार, बोलायला गोड. ताईने त्याला वर्षभर हाताला धरून काम शिकवलं, आणि शिकवून झाल्यावर अर्थातच त्याच्याकडून पोच घेतली : 'ड्रॉइंग तपासण्याचे सर्व काम मला आज रोजी समजले. ताई करतात तेच व तितकेच काम मी यापुढे करीन.' निखिलने हसत हसत सही केली. त्या ऑफिसात सगळेच हसत सही करायचे.

ऑफिसात एक जुनी पद्धत होती. कोणी निवृत्त झालं की प्रत्येकाने निरोपाच्या भेटीसाठी आपला एक दिवसाचा पगार द्यायचा. साहेबाचा दिवस मोठा, शिपायाचा लहान, पण दिवस सगळ्यांचा एकच, म्हणून ही पद्धत ताईला फार आवडायची. गोळा करायची वही साहजिकच तिच्याकडे होती. वहीत ती फक्त नावापुढे खूण करायची. आकडा लिहायची नाही. पैसे बंद पाकिटात घ्यायची आणि सगळी पाकिटं एकदम फोडून एकत्र करायची, म्हणजे कोणाचं कुठलं ते कळू नये. "पगार ही ज्याची त्याची गोष्ट आहे," ती म्हणायची. ज्या बाईला आपल्या साखरेचे दाणे कोणाकडे आहेत हे माहीत असायचं, तिला इतक्या वर्षांत शेजाऱ्याचा पगार माहीत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी स्टोअरकीपर कांबळे निवृत्त झाले. निखिल त्या दिवशी पाकीट आणायला विसरला. त्याने पाचशेच्या तीन नोटा ताईच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "ताई, एक दिवसाचे घ्या आणि बाकीचे द्या ना." ताईने आपल्या एका दिवसाइतके नऊशे चाळीस ठेवून घेतले आणि पाचशे साठ परत दिले. एक खोली, एकच काम, दोन टेबलं. तेव्हा दिवस तो काय वेगळा असणार? निखिलने पैसे मोजले. मुलगा ताईच्या हाताखाली तयार झालेला, त्यामुळे प्रामाणिक.

"ताई, जास्त आले."

"नाही रे, बरोबर आहेत. तुला स्वतःचा एक दिवस किती, ते ठाऊक नाही का?"

"आहे ना. तेराशे दहा."

ताईने टेबलावरच्या नोटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने सुट्टीच्या दिवसाचा पगारही चुकून धरला असेल, असं तिला वाटलं. "परत मोज," ती म्हणाली. त्याने मोबाइलवर पगाराची स्लिप उघडून तिच्यासमोर धरली. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "ताई, तुमचा किती आहे?" असं त्याने विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच त्याला ते कळलं. त्याने तीनशे सत्तर रुपये परत टेबलावर ठेवले. ताईने त्याच्या नावापुढे खूण केली, कारण खूण करायचीच होती.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा ती पोळ्या करत होती. मला वाटलं, चिडलेली असेल. ती म्हणाली, "अरे, मी त्याला शिकवलं तेव्हा काही कमी शिकवलं का? मग तो माझ्यापेक्षा जास्त काय करतो, ते मला बघायला पाहिजे. असेल तर मीही करीन." पुढचा महिनाभर तिने दोघांच्या टेबलावरून गेलेल्या प्रत्येक ड्रॉइंगची नोंद ठेवली. निखिलची एकशे चार झाली, तिची एकशे सव्वीस. मग तिने अर्ज लिहिला.

कंपनीत मनुष्यबळ विभागाला नवे साहेब आले होते. त्यांच्या केबिनबाहेर 'आपण एक कुटुंब आहोत' असा बोर्ड होता आणि बोर्डाखाली 'भेटीची वेळ आधी घ्यावी' असा दुसरा. ताई वेळ घेऊन गेली. साहेबांनी अर्ज वाचला आणि ते खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, फॅमिलीत आपण सॅलरी कम्पेअर करत नाही."

"आमच्या घरात करतात. यजमानांची पेन्शन मला पैशापर्यंत पाठ आहे."

"तुमचे मिस्टर आहेत ना कमवायला? निखिलला घर चालवायचं असतं."

"माझे मिस्टर ड्रॉइंग तपासत नाहीत."

"बघा, निखिलमध्ये पोटेन्शियल आहे."

"ते कुठल्या ड्रॉइंगवर दिसतं? मी सगळी तपासलीत," ताईने अगदी मनापासून विचारलं.

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, पण पोच द्यायला नकार दिला. इथे ते चुकले. पगार कमी मिळतो हे ताईने इतकी वर्षं ओळखलं नव्हतं. पोच न दिलेली तिला त्याच क्षणी कळली. दुसऱ्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत केबिनबाहेर त्या दोन बोर्डांखाली येऊन बसू लागली. हे उपोषण नव्हतं. उलट ती डबा तिथेच खायची, आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली की उठून कामाला जायची, कारण कंपनीचा वेळ वाया घालवणं तिला पटत नव्हतं. तीन दिवस साहेब पाठीमागच्या दाराने गेले. चौथ्या दिवशी डब्यात सुकट होती. अर्ध्या तासात अर्जावर शिक्का मिळाला.

उत्तर दीड महिन्याने आलं : निखिल स्वतंत्रपणे काम करतो आणि ताई त्याला साहाय्य करतात, सबब काम समान नाही. ताईने ते पत्र मला वाचून दाखवलं आणि 'साहाय्य' या शब्दापाशी थांबली. मग उठून तिने देवघराखालचा डबा काढला. साखर आणि शिड्यांच्या खालून निखिलची ती जुनी पोच वर आली. ताई करतात तेच व तितकेच काम.

बाईला बाई म्हणून त्याच कामाचे कमी पैसे देता येत नाहीत असा कायदा आहे, एवढं मला मोघम माहीत होतं. सरकारी कामगार कार्यालयात आम्ही दोघं गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने पोच दोनदा वाचली. "असले पुरावे लोक आणत नाहीत हो," तो म्हणाला. "पण सही करणाऱ्याने ती कबूल करायला हवी." आणि सगळं तिथे अडलं. निखिलने कल्याणला घर घेतलं होतं, हप्ते चालू होते, आणि इतक्या वर्षांपूर्वी गमतीने केलेल्या सह्या माणसाला आठवायलाच हव्यात असं नाही, हे साहेबांनी त्याला चहा पाजून समजावलं होतं. आठवडाभर तो ताईच्या नजरेला नजर देत नव्हता. ताईने त्याला एक शब्दही विचारला नाही. त्याच्या एका ड्रॉइंगमध्ये चूक होती, तेवढी दाखवली.

तारखेच्या दिवशी तो आला. कागद हातात घेऊन म्हणाला, "सही माझीच आहे. काम पण तेच आहे." मग ताईकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, माझं कमी करू नका म्हणावं, बस."

"वेडा आहेस का रे? तुझं कमी करून मला काय मिळणार? मला तुझ्या शेजारी बसायचंय फक्त."

कंपनीने आणखी दोन तारखांनंतर तडजोड केली. पुढच्या महिन्यापासून पगार बरोबरीचा, आणि मागच्या तीन वर्षांचा फरक. कायद्याला घाबरले की सुकटीला, हे शेवटपर्यंत उघड झालं नाही. मी पेढे घेऊन ठाकुर्लीला गेलो, तर ताई जुनी वही उघडून बसली होती.

"या तीन वर्षांत आमच्यातले सात जण निवृत्त झाले," ती म्हणाली. "प्रत्येकाला मी पूर्ण दिवस दिला नाही."

"अगं, एक दिवस दिलास ना."

"माझा दिवस होता तेवढा कुठे दिला?"

मग सात रविवार आम्ही सात घरी गेलो. माणसं चकित व्हायची, हसायची, आणि पोच लिहून द्यायची. शेवटचं घर दिवा स्टेशनजवळ, चौथ्या मजल्यावर, कांबळेंचं. कांबळे त्या पावसाळ्यात गेले होते. त्यांच्या पत्नीने दार उघडलं. दोन दिवस पाणी आलेलं नव्हतं, तरी साठवलेल्या पिंपातलं काढून त्यांनी चहा ठेवला.

"वहिनी, कांबळेंच्या निरोपाला माझ्याकडून तीनशे सत्तर कमी पडले होते."

"अहो, काय बोलता ताई? तुम्ही तर भाषण केलेलंत. हे घरी येऊन परत परत सांगायचे."

"भाषण वेगळं."

वहिनींनी पैशांकडे पाहिलं, नको म्हणायला तोंड उघडलं आणि ताईचा चेहरा बघून मिटलं. मग त्या आत गेल्या आणि चष्मा आणि पेन घेऊन आल्या. "द्या कागद. तुम्ही आलात की सही लागते, हे मला ह्यांनीच सांगून ठेवलंय."

परतताना रिक्षात ताईने सातवी पोच घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "त्या तीन वर्षांच्या आधी जे निवृत्त झाले, त्यांचं काय रे?"

"ते कंपनीकडे राहिलं, ताई. तुझ्याकडे नाही."

"वही माझ्याकडे होती ना," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात ताई निवृत्त झाली. वही निखिलकडे सोपवली, पोच घेऊन. तिच्या निरोपाला सगळ्यांनी एक एक दिवस दिला, आणि निखिलने दोन दिले, म्हणून ताईने एक परत केला. आता ती घरी असते आणि डबा रिकामा करते. फोन करून करून लोकांना वस्तू परत आणायला लावते, पोच फाडते, तुकडे हातात देते. भावोजी सांगत होते, डब्यात आता मोजके कागद उरलेत. तिचा मलाही दोनदा फोन येऊन गेला. पुरणयंत्र आमच्या माळ्यावर आहे, दोन्ही जाळ्यांसकट. मूठसुद्धा मी मध्यंतरी घट्ट करून घेतली. पण ते सापडत नाही, असं मी तिला सांगितलं आहे. पुढच्या वर्षीही बहुधा सापडणार नाही.