निळे खापर

वालूरच्या पारावर आजही सांगतात की, त्या शिक्षकांनी माझ्या शेतात भानामतीसाठी खापर पुरले. हे साफ खोटे आहे. शेत माझे आहे आणि त्या दिवशी बांधावर मी स्वतः उभा होतो.

सगळे त्यांना ‘भूगोलवाले सर’ म्हणत. नाव मी कधी विचारले नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की ते वर्ग घेऊन येत, बाही दुमडून भेगेत कोपरापर्यंत हात घालत आणि मुलांनाही घालायला लावत. त्या दिवशी त्यांनी निळा रंग दिलेले खापर भेगेत सोडले.

“वरची माती भेगेत पडती, पावसात खालची फुगून वर येती. ही जमीन सोताच सोताला नांगरायलीय.”

“मग खापर कवा वर येईल, सर?”

“लय वर्षं लागतील. मी नसलो तरी तुमी बघा.”

पुढे कुणाची तरी म्हैस आटली आणि गावाला कारण सापडले. मी शाळेच्या बैठकीत सरांच्या बाजूने भांडलो.

“काका, तुमच्यावर बी भानामती केली का काय त्यानं?” कुणीतरी म्हणाले. सगळे हसले. सरांची बदली झाली.

यंदा नांगरटीत ते खापर वर आले. सरांना कळवावे तर नावही ठाऊक नाही. म्हणून ते पारावर नेऊन ठेवले. त्या वर्गातलाच एक विद्यार्थी, आता कर्ता माणूस, तिथे बसला होता.

“म्हणजे पुरलंच होतं की,” तो म्हणाला. त्याने खापराला हातही लावला नाही.