छातीतले छर्रे

गोपिकाबाईचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण होतं. फोटोच्या खोलीत आलेल्या बायकांच्या अंगावरचे दागिने उतरवून घ्यायचे आणि फोटो निघाला की परत चढवायचे, बस्स. नागपूरच्या सदर भागातल्या दवाखान्यात सन छत्तीसमध्ये क्ष-किरणांचं नवं यंत्र आलं, तेव्हापासून ती तिथे होती. जुनं यंत्र मोडक्या हातापायांपुरतंच कामाचं. त्यावर छातीचा फोटो काढायचा, तर श्वास कोंडून माणूस बेजार व्हायचा. नवं यंत्र पापणी लवते न लवते तोच फोटो काढी, आणि तोही काचेवर नाही, फिल्मवर. डॉक्टरसाहेब विलायतेहून येणारे जाडजूड अंक वाचत आणि सांगत, की आता क्षय लपून राहायचा नाही. क्षयाचं ठाऊक नाही, पण गावोगावची खोकणारी माणसं गाड्या जुंपून सदरात येऊ लागली, एवढं खरं.

पुरुषांचं काम झटपट होई. घोडं अडे ते बायकांपाशी. मंगळसूत्र काढा म्हटलं, की बाई भिंतीला पाठ लावून उभी. वाट्यांमुळे आतलं झाकलं जातं, हे डॉक्टरांनी कितीही समजावलं तरी काय उपयोग? नवरा बाहेर बाकावर खोकत बसलेला, आणि हिनं इथे गळा मोकळा करायचा? शेवटी गोपिकाबाईनं तोड काढली. मंगळसूत्र तुटलं, तर घरी बाई काय करते? पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधते. तेच तिनं इथे सुरू केलं. एकदा मात्र फजिती झाली. एका शेठाणीच्या छातीत डॉक्टरांना लांबट सावली दिसली आणि ते दिवसभर अंक उलटत बसले. संध्याकाळी उलगडा झाला, की ते हळकुंड होतं. साहेब स्वतःच पोट धरून हसले. तेव्हापासून दोरा आखूड झाला आणि हळकुंड हनुवटीखाली आलं.

दुसऱ्यांची मंगळसूत्रं उतरवणारी ही बाई स्वतःचं मात्र अंघोळीलाही काढत नसे. तिचा नवरा रुपराव मानसरला मँगनीजच्या खाणीवर कामाला म्हणून गेला, तो गेलाच. आधी सांगावे आले, मग तेही थांबले. खाणीवर विचारलं, तर कोणी म्हणे दरड कोसळली, कोणी म्हणे आसामात गेला. गोपिकाबाई नागपुरात भावाकडे, मनोहररावांकडे आली आणि वाट पाहत राहिली. वाट पाहणं हा काही कुणाचा धंदा नसतो, पण तिनं तो मन लावून केला. रस्त्यात कुणाचा तिरपा फेटा पाठमोरा दिसला, की तिची चाल वाढे. पुढे जाऊन तोंड पाहिलं, की बाजारात काय घ्यायला आलो तेही तिला आठवत नसे.

रुपराव जाऊन आता बारा वर्षं भरत आली. माणूस इतकी वर्षं बेपत्ता राहिला, की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि बाईनं कुंकू पुसायचं, अशी रीत. मनोहरराव वाईट नव्हते. बहिणीचं हे अधांतरी जगणं त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी भटजींशी बोलून ठेवलं. गोपिकाबाई म्हणाली, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग म्हणाली, थंडी सरू दे. मनोहररावांनी मात्र पळसाची पानं आणायला माणूस सांगून ठेवला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. फिल्म धुऊन वाळत घालायचं काम भैयाजींचं. गोपिकाबाई काही कामानं त्यांच्या खोलीत गेली, तर तारेवर एक छाती टांगलेली होती. खांद्याशी तीन पांढरे ठिपके. दोन जवळजवळ, तिसरा जरा खाली. तिनं ते कधी पाहिले नव्हते, पण तिच्या बोटांना ते पाठ होते. लग्नानंतरच्या वर्षी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या शिकारीत रुपराव हाकारे घालून पाखरं उठवायला गेला होता आणि तितराऐवजी छर्रे त्यालाच लागले होते. बाकीचे वैदूनं काढले, तीन आतच राहिले. थंडीत ते ठणकत. तेल लावताना ती एकेक चाचपून पाही.

"भैयाजी, हे कोनाचं होय?"

"मानसरचा हाय कोनी. रुपराव नाव हाय. फुप्फुसात डाग निंगाला. उद्या बायकोले घिऊन ये म्हनलं साहेबानं, तिचाही फोटो काढा लागते."

जे नाव तिनं जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं, ते भैयाजी सहज घेऊन मोकळे झाले. खरं सांगायचं तर गोपिकाबाईला आधी आनंदच झाला. जिवंत आहे! 'बायको' हा शब्द तिला घरी पोचेपर्यंत ऐकूच आला नाही. ऐकू आला, तेव्हा चुलीपुढे बसून ती पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं दाराआडून पाहिलं. रुपराव बाकावर बसला होता. केस पांढरे झालेले, अंगावर मूठभर मांस नाही, फेटा मात्र तसाच तिरपा. एक हाक पुरे होती. पण हाक मारायची, तर काय म्हणून? तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली. शेजारची बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली, तो इतक्या सवयीनं, की गोपिकाबाईचा पाय उंबऱ्याबाहेर पडला नाही.

ती बाई, सत्यवती, आत आली आणि सगळ्यांसारखीच गळ्यातलं मुठीत धरून उभी राहिली. गोपिकाबाईनं तिला समजावलं, हळकुंडाचा दोरा आपल्या हातानं बांधला, मंगळसूत्र उतरवून ओच्यात घेतलं. फोटो झाला. मंगळसूत्र परत बांधलंही तिनंच. गाठ मारता मारता तिच्या तोंडून निघून गेलं.

"थंडीत त्याईचा खांदा ठणकते का वं अजून?"

"लय ठणकते. रोज तेल लावून देते मी." सत्यवतीनं मान वळवली. "पन तुमाले कसं मालूम, बाई?"

"फोटोत दिसते सारं," गोपिकाबाई म्हणाली.

सत्यवतीनं यंत्राला हात जोडले आणि ती बाहेर गेली.

संध्याकाळी गोपिकाबाईनं भावाला सांगितलं, की पळसाची पानं नकोत, तो जिवंत आहे. मग आणला काहून नाही, असं त्यांनी विचारलं. त्याचं घर तिकडे आहे, एवढंच ती म्हणाली. मनोहरराव काठी घेऊन मानसरला निघालेच होते. तिनं त्यांना स्वतःची शपथ घातली आणि बसवलं.

कुंकू राहिलं, पण नवीच पंचाईत झाली. डाग फुप्फुसात होता. मानसरला उद्या काही बरंवाईट झालं, तर तिला कोण कळवणार? तिथे तिला कोणी ओळखतच नव्हतं. बारा वर्षं तिनं देवाकडे स्वतःच्या मंगळसूत्रासाठी पदर पसरला होता. आता ती रोज सत्यवतीच्या मंगळसूत्रासाठी पसरू लागली. हसू यावं अशीच गोष्ट, पण तिला हसू येत नसे. त्याच्याविना तिचं चालत होतं, पण तो जगात आहे हे ठाऊक असल्याविना चालत नव्हतं.

डॉक्टरांनी सत्यवतीला उन्हाळ्यात पुन्हा फोटोला बोलावलं होतं. ती आली, एकटीच. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला. गोपिकाबाईनं पुढे होऊन आधी तो बाजूला केला, काळे मणी पाहिले, आणि मगच म्हणाली, "या, बसा."