चष्मेवाल्याचा डावा गुडघा

चष्मेवाल्याचा डावा गुडघा ठणठणीत होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे या गुडघ्यापायी भल्याभल्यांचा गोंधळ उडाला. ठणठणीत म्हणजे कसा, तर नखाच्या टोकाएवढा स्क्रू काउंटरखाली पडला की हा माणूस त्याच गुडघ्यावर बसून अर्धी दुपार फरशी चाचपत राहायचा आणि उठताना साधं 'आई गं' म्हणायचा नाही. पण रस्त्यात काही ठरावीक माणसांपैकी कुणी दिसलं, की साहेब लगेच लंगडायला लागायचे.

बरं, माणूस खोटारडा म्हणावा तर तसंही नाही. उलट खरेपणापायी धंद्याची वाट लावून घेणारा. गिऱ्हाइकाने हौसेने फ्रेम नाकावर चढवली की हा तोंडावर सांगायचा, "नको, यात तुम्ही कायम रागावल्यासारख्या दिसता." भिंगं बदलत 'आता कसं दिसतंय' विचारताना गिऱ्हाईक उगाच 'छान' म्हणालं, तर हा चिडायचा. "छान नको. खरं सांगा." असा हा माणूस, आणि गुडघ्याच्या बाबतीत वर्षानुवर्षं धडधडीत नाटक! आता याला काय म्हणायचं?

नाटकाची सुरुवात विद्यापीठात झाली. पहिल्या वर्षी हा घर सोडून तिथे आला तेव्हा ओळखीचं एक कुत्रंसुद्धा नव्हतं. वसतिगृहाच्या खोलीत जोडीदार होता, पण तो सदा पाठ करून झोपलेला. वर्गात हजेरी दिली की दिवसभराचं बोलणं संपलं. कधीकधी आपला आवाज शाबूत आहे ना हे बघायला हा न्हाणीघरात जाऊन खाकरायचा. एकटेपणाने पार पिचून गेला होता बिचारा.

त्यातच एके दिवशी ग्रंथालयाच्या पायरीवर सटकला आणि डावा गुडघा आपटला. टेकायला जागा बघत तळघरात उतरला, तर एका दारातून खुर्च्या दिसल्या. आत पाण्याचे पंप घुंऽ घुंऽ करत होते, आणि त्या आवाजावर आवाज चढवून दहा-बाराजण गाणं म्हणत होते. हा शेवटच्या खुर्चीवर बसला. पुढे गाण्याच्या जागी प्रार्थना सुरू झाली आणि उठून जायची सोय राहिली नाही.

हे ख्रिस्ती विद्यार्थी मंडळ. ते चालवणारा माणूस काही प्राध्यापक नव्हता की पाद्री नव्हता. मंडळानेच नेमलेला कार्यकर्ता, तिशीतला, आणि त्याच्या दोन्ही काखोटीला कायम घडीच्या खुर्च्या मारलेल्या. कधी मांडायला निघालेला, कधी उचलून चाललेला. सगळे त्याला खुर्चीदादा म्हणायचे.

"तुझ्यासाठी देवाकडे काय मागू या रे?" खुर्चीदादांनी विचारलं.

एकटा पडलोय, हे दहाजणांसमोर कसं सांगणार? "गुडघा," हा पुटपुटला. "डावा."

झालं. दहा-बाराजणांनी डोळे मिटून पंपाच्या घरघरीत त्याच्या डाव्या गुडघ्यासाठी अशा कळकळीने प्रार्थना केली, की सख्ख्या आईनेही केली नसती.

गुडघा दोन-तीन दिवसांत बरा झाला. पण चौथ्या दिवशी काय झालं, रस्त्याच्या पलीकडून एक मुलगी सायकलवरून ओरडली, "ए, गुडघा कसाय?" त्या अख्ख्या शहरात त्याला कुणी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. 'बरा झाला' म्हणून टाकायचं होतं की! पण बरा झाला म्हटलं की विषय संपला. मग उद्या ही कशाला विचारेल?

"अजून जरासा आहे," हा म्हणाला, आणि दोन पावलं लंगडून दाखवली.

मग काय, दर आठवड्याला गुडघा. गुडघ्यामुळे याला पुढची खुर्ची. गुडघ्यामुळे एकजण चहा जागेवर आणून द्यायचा, आणि चहाबरोबर शेजारी बसून गप्पा मारायचा. याचा एक विषय राहिला तेव्हा त्यांतल्या दोघांनी घासून अभ्यास करून घेतला. वडील गेले तेव्हा मंडळातले चौघे बसने याच्या घरी आले, प्रवचन वगैरे काही केलं नाही, मोरीत बसून पाहुण्यांची सगळी भांडी घासली आणि निघताना एकेकाने हळूच विचारलं, "आणि गुडघा?" बाप गेल्यावर हा ओक्साबोक्शी रडला तो तेव्हा. तळघरात जे गायचे, वाचायचे, त्यातलं थोडं याच्यातही मुरलं होतं. देवाशी बोलायला लागला होता, पण गुडघ्याचा विषय निघाला की देवासमोरही नजर खाली.

शिक्षण संपलं, दुकान थाटलं, लग्न झालं. नवी नवरी बरोबर घेऊन हा बाजारातून चालला होता, तर एकाएकी लंगडायला लागला. ती घाबरली. "अहो, काय झालं?" "काही नाही, तो समोरचा मंडळातला आहे." समोरचा भेटला, गुडघा विचारून गेला, कोपऱ्याआड झाला आणि नवरा पुन्हा सरळ! आपल्या वडिलांनी या स्थळाची नीट चौकशी केली नव्हती, याची तिला त्या क्षणी खात्री पटली. पण बाई शहाणी. सगळी हकीकत ऐकली, पोट धरून हसली, मग डोळे पुसले आणि त्या दिवसापासून कटात सामील झाली. हा गडबडीत भलताच पाय ओढायला लागला की ती कानाशी कुजबुजायची, "अहो, डावा! डावा!"

वर्षं गेली. खुर्चीदादांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. "गुडघा कसाय?" "आहे तसाच, दादा." "बरं. मागतोय हं मी." मग दुकान, बायको, मुलीची शाळा, यावर अर्धा तास गप्पा.

असाच एक फोन आला. दादा निवृत्त होणार होते. त्याच तळघरात सगळे जुने विद्यार्थी आभार मानायला जमणार होते. "तू चार शब्द बोल," दादा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सगळं देवाने मनासारखं केलं रे. एकच गोष्ट मनाला लागून राहिलीय. तुझा गुडघा." आणि फोन ठेवला.

चष्मेवाल्याला घाम फुटला. म्हातारा माणूस, आयुष्य खुर्च्या उचलण्यात घातलेला, आणि आता जाताना मनात सल कसला, तर या धडधाकट गुडघ्याचा! आपली प्रार्थनाच कमी पडली असं वाटत असणार त्यांना. आता सांगायलाच हवं होतं. पण सांगायचं कसं? लंगडत जावं तर दादांचा सल कायम. सरळ चालत जावं तर सगळे चमत्कार झाला म्हणून टाळ्या पिटतील, म्हणजे आणखी मोठी थाप. आणि खरं सांगावं, तर ज्यांनी बापाच्या मागे भांडी घासली ते पुन्हा तोंड बघतील का? त्याची झोप उडाली. एका आजोबांना त्याने लांबचं आणि जवळचं भिंग उलटसुलट बसवून दिलं.

त्यातच उजवा गुडघा खरोखर दुखायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला. "उजवा झिजलाय. डाव्यावर भार टाकायला तुम्ही घाबरता का हो? डावा तर अगदी पोरासारखा आहे!" बायकोने पदर तोंडात कोंबला.

तर कार्यक्रमाच्या दिवशी चष्मेवाला बायकोला घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरला तो उजव्या पायाने लंगडत, अगदी खरंखुरं. पंप तसेच घुंऽ करत होते. तरुण पोरं मागे दाटीवाटीने उभी होती, आणि पुढे खुर्च्यांवर पोट सुटलेले, टक्कल पडलेले सगळे जुने सोबती. सगळ्यांची नजर याच्या पायाकडे.

"अरे, डावा होता ना?" एकजण म्हणाला.

"छे, छे, उजवा!" दुसरा. "मी कायम उजव्यासाठी मागत आलोय."

"काय सांगता? माझ्या घरी मुलंसुद्धा डाव्यासाठी मागतात!"

"मग आमचं सगळं फुकट गेलं की काय?" सायकलवाली मुलगी, जी आता शाळेची मुख्याध्यापिका होती, ती उभीच राहिली. डावेवाले एका बाजूला, उजवेवाले दुसऱ्या बाजूला. दोन्हींसाठी आलटूनपालटून मागत आलो, असं सांगणाऱ्या एका शहाण्यावर दोन्ही बाजूंनी तुटून पडले. अशा गदारोळात चष्मेवाला माइकपाशी पोहोचला.

"गुडघा बरा आहे," तो म्हणाला. "डावा. पहिल्याच आठवड्यात बरा झाला होता."

डावेवाले, उजवेवाले, सगळे माइककडे वळले.

"मी तुमच्याशी खोटं बोललो. मला इथे कुणी नव्हतं हो. बरा झालो म्हटलं असतं तर तुम्ही विचारायचं थांबला असता, अशी भीती वाटली. तुम्ही विचारत राहिलात म्हणून मी माणसांत राहिलो. नाहीतर बॅग भरून घरी गेलो असतो. एवढेच आभार मानायचे होते. दादा, तुमची प्रार्थना कमी पडली नाही. माफ करा मला."

मग मागून खुर्चीदादा आले. केस पांढरे, पाठ वाकलेली, आणि काखोटीला अर्थातच एक खुर्ची.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पहिल्याच वर्षी. बस सुटत होती आणि तू हरणासारखा धावलास. मी थांब्यावरच उभा होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पुढच्या आठवड्यात तू कुठल्या तोंडाने आला असतास? नसताच आलास." दादांनी काखोटीची खुर्ची खाली टेकवली. "म्हणून गप्प बसलो. पुढे बोलायचं धैर्यच होईना. चांगल्या चालत्या माणसाला मी जन्मभर लंगडायला लावलं रे. तेच मनाला लागून राहिलं होतं. तूच मला माफ कर."

आता दोघांपैकी कोण आधी रडलं, यावरूनही त्या मंडळींत आज दोन तट आहेत.

दादांनी खुर्ची उघडली, दोनदा दाबून बघितली आणि चष्मेवाल्याला बसवलं. "आणि हे आजचं लंगडणं?"

"हे खरं आहे, दादा. उजवा झिजलाय."

"शप्पथ?"

"शप्पथ. डॉक्टरांनी फोटो काढलाय."

"चला तर मग," दादा म्हणाले. डावेवाले, उजवेवाले, सगळे खुर्च्या सरकवत जवळ आले. दादा कण्हत खाली टेकले, डोळे मिटले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हात ठेवला तो नेमका डाव्या गुडघ्यावर.

मागून बायको कुजबुजली, "अहो, उजवा! सांगा ना त्यांना, उजवा!"

"असू दे गं," चष्मेवाला म्हणाला, आणि त्यानेही डोळे मिटले.