चार जागांचा ओसिरिस

बानी गावात शॉर्टस्टॉप, म्हणजे बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारे खेळाडू, आंब्यांसारखे पिकतात, असं लोक म्हणतात. म्हणत असतील. पण नेरेइदाच्या वाट्याला आलेला नवरा काही पुरता शॉर्टस्टॉप नव्हता. तो पाव शॉर्टस्टॉप होता, पाव पहिल्या बेसचा, पाव दुसऱ्याचा आणि पाव तिसऱ्याचा. चारही पाव मिळून ओसिरिस पेगेरो नावाचा एक अख्खा माणूस. आणि हा अख्खा माणूस राजधानीच्या बेसबॉल संघात चौदा वर्षं बहुतेक वेळ बाकावर बसून होता. कुणाचं मनगट मुरगळलं, कुणाला ताप भरला, कुणाची बायको बाळंत झाली, की हाक यायची, "ओसिरिस!" आणि तो उठता उठता विचारायचा, "कुठे?" पत्त्यांतल्या जोकरासारखा, जिथे पान कमी पडेल तिथे लावायचा. संघात त्याला जोकरच म्हणत, आणि तो खुशाल ओ देई.

चार जागा म्हणजे चार ग्लोव्ह. पहिल्या बेसचा लांबट आणि खोल, मोठ्या पळीसारखा. तिसऱ्याचा ऐसपैस, कारण तिथे चेंडू गोळीसारखा येतो. शॉर्टस्टॉपचा मधला. आणि दुसऱ्या बेसचा सगळ्यांत इवलासा, कारण तिथे चेंडू मुक्कामाला येत नाही, आला की त्याच क्षणी काढून भिरकवायचा असतो. लग्नात आलेल्या भांड्यांपेक्षा नेरेइदाने या चामड्याची जास्त निगा राखली होती. तेल चोळायचं, आत चेंडू घालून दोरीने आवळायचं आणि गादीखाली ठेवून वर झोपायचं.

"कुठला ग्लोव्ह कुठल्या बेसचा ते माझ्या पाठीला विचारा," ती शेजारणींना सांगे.

घरात सगळं ठीक होतं, एक गोष्ट सोडून. ओसिरिसच्या आईने, जिला सगळे मानाने दोन्या म्हणत त्या क्रिस्पिनाने, मुलाला व्यावसायिक सामन्यात खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. आळस म्हणून नव्हे. ती अकरा वेळा स्टेडियमवर गेली होती. अकराही वेळा ओसिरिस बाकावर. नाही म्हणायला एकदा तो सातव्या डावात मैदानात उतरला होता, पण तेवढ्यात दोन्या तळलेली पुरी आणायला गेली, आणि पुरीवाल्याकडे सुट्टे नव्हते. ती परत आली तेव्हा मुलगाही बाकावर परत आलेला. त्या दिवशी तिने निकाल देऊन टाकला. अपशकुन आपलाच आहे. आपण आत पाऊल टाकलं की लेकाचं पाऊल बाकाबाहेर पडत नाही.

तेव्हापासून ती रेडिओ ऐकू लागली. रेडिओवर मात्र ओसिरिस खेळायचा, आणि झकास खेळायचा.

डिसेंबरातल्या एका सकाळी ओसिरिसने न्याहारीच्या मंगूवर, म्हणजे उकडून कुस्करलेल्या केळ्यांवर, तळलेलं चीज ठेवलं आणि तोंडात घास असतानाच सांगून टाकलं, "यंदा बास. सदतीस झाली, गुडघे ऐकत नाहीत. रविवारी साखळीचा शेवटचा सामना. जिंकलो तर जानेवारीची फेरी, हरलो तर संपलं. आई, तू ये."

"मी नाही येणार."

"आई!"

"तू समोर बसलेला दिसण्यापेक्षा रेडिओवर उभा असलेला बरा. कॉफी घे."

"एकदा तरी बघ की गं मला. पुन्हा कधी बघणार?"

दोन्याने पातेल्याच्या बुडाची भाताची खरवड खरवडायला घेतली. ती रात्रीची होती, आणि तिची कुणालाच गरज नव्हती. नेरेइदाने ओळखलं, म्हातारीला रडू येतंय.

नंतर अंगणात ती नवऱ्याला म्हणाली, "मी डॉन मार्सियालशी बोलू का? मॅनेजर काही वाईट माणूस नाही. एक डाव तुला उतरवेल."

"खबरदार!" ओसिरिस इतका चिडलेला तिने क्वचितच पाहिला होता. "चौदा वर्षं गरज पडली म्हणून उतरलोय. आता आईसाठी म्हणून उतरू?"

बोलणं तिथेच संपलं. पण नेरेइदाही बानीची होती, सहजी हटणारी नव्हे. शनिवारी तिने सासूपुढे नवीच तोड ठेवली. "दोन्या, आत नका जाऊ. बाहेर, गाड्या उभ्या करतात तिथे झाडाखाली बसू. रेडिओ तुमचा, डबा माझा. बाहेर बसलं तर अपशकुन लागत नाही ना?"

दोन्याने बराच विचार केला. "भिंतीपासून किती लांब?"

"तुम्ही म्हणाल तितकं."

रविवारी दुपारी दोघी बदामाच्या झाडाखाली घडीच्या खुर्च्या टाकून बसल्या. गेटवरचा चिची हे सगळं तोंड वासून बघत होता. "दोन्या, तिकीट काढलंय की बाहेर बसायचं भाडं देताय?"

"तू तुझं गेट सांभाळ!"

नेरेइदाच्या मांडीवर दुसऱ्या बेसचा छोटा ग्लोव्ह होता. सकाळी त्याची वादी तुटली होती. ओसिरिस म्हणाला होता, राहू दे, महिनाभरात दुसऱ्या बेसवर कुणी बोलावलेलं नाही. तो बाकीचे तीन ग्लोव्ह घेऊन गेला, आणि चौथ्यात ती आता निवांत नवी वादी ओवत होती.

सात डाव ओसिरिस बाकावर. दोन्या समाधानाने मान हलवत राहिली, "बघ, बाहेर बसूनसुद्धा!" आठव्यात पहिल्या बेसवाल्याचा पाय मुरगळला आणि रेडिओवाला ओरडला, "पहिल्या बेसवर जोकर!"

"चला आत!" नेरेइदा उठली.

"बस खाली. मी आत गेले की त्याला बाहेर काढतील."

नववा, शेवटचा डाव आला. आपला संघ चार, पाहुणे तीन. पाहुण्यांची फलंदाजी, एक बाद, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांचे धावपटू. इतक्यात आपल्या दुसऱ्या बेसवरचा तरणा खेळाडू पंचाशी असा काही भांडला की पंचाने त्याला हाकललं, आणि तो रागारागात ग्लोव्हसकट निघून गेला. बाकावरचा उरलेला शेवटचा खेळाडू पहिल्या बेसवर आला, आणि ओसिरिस सरकला दुसऱ्यावर. सरकला तो तसाच, हातातल्या पळीसकट.

"थांबा, थांबा," रेडिओवाला हसत म्हणाला. "पाहुण्यांचा मॅनेजर बोट दाखवतोय. पहिल्या बेसचा ग्लोव्ह दुसऱ्या कुठल्याही जागी चालत नाही, हे जोकराला मी सांगायचं का? पंच म्हणतात, बदल. तो पिशवीत बघतोय... पिशवी उलटी केली... आता डोक्याला हात लावलाय."

दोघींनी एकाच वेळी नेरेइदाच्या मांडीकडे पाहिलं.

"तिसऱ्या बेसचा मोठा ग्लोव्ह घालतोय वाटतं," रेडिओवाला म्हणाला.

"मोठा?" दोन्या ताडकन उठली. "त्यात चेंडू आत हरवतो, काढायला वेळ लागतो, असं तूच म्हणतेस ना?"

"वादीची गाठ राहिलीय, दोन्या!"

"मग मार की गाठ! बघत काय बसलीस, पोरी?"

नेरेइदाने गाठ मारली, उरलेली वादी दातांनी तोडली, आणि ती ग्लोव्ह उचलणार तोच दोन्याने तो हिसकावून घेतला. एकाहत्तर वर्षांची ती बाई स्कर्ट मुठीत धरून अशी निघाली की नेरेइदाला मागे पळावं लागलं.

"तिकीट!" चिची म्हणाला.

"मी त्याची आई आहे!"

"सगळेच कुणाचे ना कुणाचे..." चिचीचं वाक्य पुरं होईपर्यंत दोन्या आत होती.

आत ढोल, कर्णे, रमचा वास. मैदानावर डॉन मार्सियाल वेळ काढायला पिचरशी उगाच गप्पा मारत होता आणि पंच घड्याळ दाखवत होता. दोन्या पायऱ्या उतरून बाकाजवळच्या कठड्याशी पोचली आणि तिने ग्लोव्ह पुढे केला.

ओसिरिसने आधी ग्लोव्ह पाहिला, मग तो धरणारा हात. "आई? तू आत?"

"बोलू नकोस. घाल." आणि ती लगेच वळली. "मी चालले. तुला काढायच्या आधी."

नेरेइदाने तिचा दंड धरला. मैदानातून परतणाऱ्या डॉन मार्सियालने हे ऐकलं. "दोन्या, याला काढून घालू कुणाला? तो बाक बघा."

दोन्याने पाहिलं. बाकावर टॉवेल होते, पाण्याची पिंपं होती. माणूस एकही नव्हता.

"आता हा पडला तर तुम्हालाच उतरवावं लागेल," तो म्हणाला. "बसून घ्या."

आजूबाजूच्यांनी हसत हसत दोघींना पुढच्या रांगेत जागा करून दिली. दोन्या अंग चोरून, एखाद्या परक्या घरी बसावं तशी बसली.

पहिला चेंडू फलंदाजाने सोडला, दुसरा हुकवला, तिसरा बाहेर गेला. यातला एकही चेंडू ओसिरिसच्या आसपाससुद्धा आला नाही. तरी तो हलतच होता. चेंडू टाकायच्या आधी दोन पावलं पुढे, टाकल्यावर एक डावीकडे. शॉर्टस्टॉपला काहीतरी खूण, पहिल्या बेसवरच्या नवख्याला हाताने, अजून मागे, अजून. मग पुन्हा जागेवर, गुडघ्यांवर हात. नेरेइदाने हे हजारदा पाहिलं होतं. तिने सासूकडे पाहिलं, तर म्हातारीची नजर पिचरवर नव्हतीच, ती लेकाच्या पायांवर होती.

चौथा चेंडू फलंदाजाने जमिनीसरपट मारला, शॉर्टस्टॉपकडे. शॉर्टस्टॉपने तो उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला. ओसिरिस आधीच तिथे होता. चेंडू छोट्या ग्लोव्हला जेमतेम शिवला आणि उजव्या हातात आला. पहिल्या बेसवरून आलेला धावपटू पाय पुढे करून घसरत त्याच्यावर आला, ओसिरिसने उडी मारली आणि हवेतूनच चेंडू पहिल्या बेसकडे फेकला. एका फटक्यात दोन बाद, आधीचा एक धरून तीन, आणि डाव संपला. ओसिरिस खाली पडला तो सरळ पाठीवर, हातपाय पसरून, आणि तिथेच पडून राहिला. स्टेडियम कोसळल्यासारखा आवाज झाला.

"लागलं का त्याला? अरे, लागलं का?" दोन्या कठड्यावर चढायला निघाली.

"तो हसतोय, दोन्या! जिंकलो आपण!"

मातीने भरलेला ओसिरिस लंगडत कठड्याशी आला. आईने त्याच्या गालावरची माती पदराने पुसावी तशी बाहीने पुसली आणि मग त्याला जवळजवळ दरडावलंच, "तू दर चेंडूला पळतोस?"

"हो."

"चेंडू तुझ्याकडे येत नसला तरी?"

"येत नसतो तेव्हाच तर जास्त, आई. कामच ते."

"रेडिओवाला हे कधीच सांगत नाही!" ती नेरेइदाकडे वळली, जणू चौदा वर्षं तिनेच हे लपवून ठेवलं होतं. "आणि ही पण नाही सांगत. मला वाटायचं, कुणी चेंडू मारला तरच हा हलतो. लेक माझा इतका राबतो, आणि मी तिकडे स्वयंपाकघरात भात करत बसलेय!"

डॉन मार्सियाल पाठीमागून ओरडला, "जोकर, बुधवारी सराव! आता जानेवारीची फेरी खेळायचीय!"

"गुडघे, डॉन मार्सियाल," ओसिरिस कण्हला.

"बुधवारी किती वाजता?" दोन्या क्रिस्पिनाने विचारलं.

"दोन्या, तो नुसता सराव असतो," नेरेइदा म्हणाली. "सरावाला कुणी बघायला जात नाही."

"किती वाजता ते सांग," दोन्या म्हणाली, आणि ती पुढच्या रांगेत पुन्हा बसली. या वेळी ऐसपैस, दोन माणसांची जागा अडवून. सगळं स्टेडियम रिकामं होईपर्यंत ती काही उठली नाही.