दाराशी उभा राहणारा व्हर्लिन

आमच्या नेब्रास्कातल्या गावात अकरा नोव्हेंबरला शाळेच्या व्यायामशाळेत माजी सैनिकांचा सत्कार असतो. मुख्याध्यापक माइकवरून त्यांना उभे राहायला सांगतात आणि खुर्च्या करकरतात. व्हर्लिन होलुब दर वर्षी उशिरा यायचा आणि दाराशी थांबायचा. दाराशी सगळेच उभे असतात. तिथे मानाचा कोण आणि जागा न मिळालेला कोण, ते कळत नाही.

व्हर्लिन आमच्या धान्य सहकारी संस्थेत यंत्रे सांभाळायचा. मी तिथला हिशेबनीस. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात पंधरवडाभर तो गणवेश चढवून विमानतळावर जायचा, राज्याच्या हवाई दलात. हे दल आपापली नोकरी, शेती सांभाळून येणाऱ्या माणसांचे. पूर आला, बर्फ साचले, तर हुकूम गव्हर्नरचा. परदेशी लढाईवर जायचे, तर वॉशिंग्टनचा. आमचा मॅनेजर डॉइल क्रेप्सही त्याच दलात, पण व्हर्लिनच्या हाताखाली. त्या शनिवारी व्हर्लिन त्याला चिखलातून पाइप ओढायला लावायचा आणि सोमवारी डॉइल त्याचा वचपा काढायचा.

डॉइल दोनदा परदेशी, वाळवंटातल्या लढाईवर जाऊन आला होता. व्हर्लिनकडे पंपांची तुकडी, ती दर वेळी राज्यासाठी मागे ठेवत. सराव सोडला तर वॉशिंग्टनचा हुकूम त्याला कधी आलाच नाही, आणि नियमाने तो माजी सैनिकांत धरला जात नव्हता.

एकदा कॅफेत डॉइल म्हणाला, "व्हर्लिनची लढाई गुडघाभर पाण्यातली. शत्रू कोण, तर बेडूक."

सगळे हसले. व्हर्लिनही हसला, पण पुढ्यातला कोलाचे, जर्दाळू भरलेला गोड पाव, त्याने तसाच ठेवला.

पुरात त्याचे शेवटचे काम ठरलेले असे. थोरला भाऊ ओरिन नदीकाठच्या सखल शेतात एकटा राहायचा. शेरीफचेही ऐकायचा नाही. व्हर्लिन बोट घेऊन गेला की मात्र म्हणायचा, "गव्हर्नरनं पाठवलं का तुला? मग आज जेवण त्याच्याकडेच," आणि कुत्रे काखेत घेऊन बोटीत बसायचा.

त्या हिवाळ्यात परदेशी निघालेल्या तुकडीत एक जागा रिकामी पडली. व्हर्लिनने नाव दिले. बायको, लोइस, म्हणाली, "यंदा बर्फ फार आहे. वितळेल तेव्हा तू इथं हवास."

"एकदाच जाऊन येतो. मग नोव्हेंबरात मीही खुर्चीवरून उठेन."

मार्चमध्ये गोठलेल्या जमिनीवर पाऊस कोसळला, वर बर्फ वितळले, आणि नदीने बांध फोडला. तोवर परदेशी पोचलेल्या व्हर्लिनने तिकडे परत पाठवण्याची विनंती केली. अधिकाऱ्याने त्याला समजावले की आता तो वॉशिंग्टनचा माणूस आहे, गव्हर्नरला त्याला बोलावता येत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तो असा.

इकडे बोट घेऊन डॉइल गेला. ओरिन माडीच्या खिडकीत बसला होता.

"व्हर्लिन आला की निघतो."

डॉइलने त्याला सांगितले की व्हर्लिन समुद्रापार आहे.

"माहीत आहे मला. बघतो वाट," म्हणून त्याने खिडकी लावून घेतली.

पुढच्या घरांच्या छपरांवर बायकामुले होती. डॉइल तिकडे गेला. परत आला तेव्हा ओरिनचे घर जागेवर नव्हते.

अंत्यविधीपुरती व्हर्लिनला रजा मिळाली. डॉइल त्याला म्हणाला, "मी त्याला ओढून काढायला हवं होतं."

"तुझ्यानं झालं नसतं ते. तो माझंच ऐकायचा."

एवढेच बोलून तो उरलेली मुदत भरायला परत गेला.

शरद ऋतूत तो आला. नोव्हेंबरात डॉइलने पुढच्या रांगेत आपल्या शेजारी त्याची खुर्ची धरून ठेवली. व्हर्लिन उशिरा आला आणि दाराशीच थांबला. डॉइल उठून त्याच्याकडे गेला.

"चल, तुझी जागा ठेवलीय."

"राहू दे. इथं बरं आहे."

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी माइक हातात घेतला. डॉइल जागेवर परतला नाही, दाराशीच थांबला. खुर्च्या करकरल्या, माणसे उठली. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्याच होत्या.