परतीचा डबा

पहिल्या लॉकडाऊनच्या दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या इमारतीची यादी केली. डीमन या डच गावातली चार मजली इमारत, सोळा घरं. कोण एकटं राहतं, कोण सत्तरीच्या पुढचं आहे, कोणाला सुपरमार्केटमधून काय लागतं, कोणाची औषधं कोणत्या वारी आणायची. मला हे कोणी करायला सांगितलं नव्हतं. मी घाबरले की यादी करते. नवरा म्हणतो, तू सरळ रडलीस तर कागद कमी लागेल. त्याला दमा आहे, त्यामुळे त्या वर्षी कागद फार लागला.

यादीत सगळ्यात वर तळमजल्यावरचे आजोबा होते. आजोबा आम्हीच म्हणायचो. मूळचे इंग्लंडच्या उत्तर भागातले, ऐंशीच्या जवळ आलेले, बायको इथली म्हणून चाळीस वर्षं इथेच राहिलेले. दारातून आत येताना खांदा तिरका करायचे, जणू दारच अंगावर धावून येतंय. आमची मुलगी ज्या क्लबात रग्बी खेळते, तिथे ते शनिवारी मुलींना शिकवायचे. ती त्यांना कोच म्हणायची, मी घरात आजोबा म्हणायचे. ते एकदा त्यांच्या कानावर पडलं आणि मग त्या हाकेलाही ते ओ द्यायला लागले.

ते कोण होते हे आम्हाला सहा वर्षं माहीत नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की त्यांची रग्बी वेगळी, पंधरा जणांची नाही, तेरा जणांची. माझ्या वडिलांना फोनवर समजावताना मी सांगितलं होतं की कबड्डीतली पकड धरा, तिला मोठं मैदान द्या आणि एक चेंडू द्या. सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्याला. शाळेत मी स्वतः सांगलीच्या मैदानावर कबड्डी खेळले आहे, त्यामुळे मला तो खेळ पटकन कळला. वडील म्हणाले होते, मग चेंडू हवा कशाला?

लॉकडाऊनमध्ये नवरा जेवणाच्या टेबलावरून काम करायचा. एकदा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका क्लायंटशी मीटिंग चालू असताना गप्पांत त्याने खालच्या शेजाऱ्यांचं नाव घेतलं. तो माणूस बोलता बोलता थांबला. हेडफोन काढून त्याने वडिलांना हाक मारली. ड्रेसिंग गाऊनमधले एक वृद्ध गृहस्थ स्क्रीनसमोर येऊन बसले आणि त्यांनी पुन्हा एकदा नाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "ते तुमच्या खाली राहतात? आणि तुम्ही वर?"

पुढची पंचवीस मिनिटं मीटिंग झाली नाही. ते गृहस्थ सांगत होते, मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. आजोबा आठवडाभर कोळशाच्या खाणीत काम करायचे आणि शनिवारी खेळायचे. देशासाठी खेळले. कपच्या अंतिम सामन्यात त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा बदली खेळाडू उरला नव्हता, म्हणून ते एका हाताने खेळले आणि शेवटच्या मिनिटाला एकट्याने सुटलेला समोरचा धिप्पाड गडी त्यांनी रेषेच्या हातभर अलीकडे आडवा केला. सोमवारी हात गळ्यात अडकवून ते खाणीच्या फाटकावर हजर. ते गृहस्थ म्हणाले, आमच्या गावातल्या माझ्या वयाच्या सगळ्या पुरुषांचा एक खांदा पुढे असतो. आम्ही सगळी पोरं त्यांच्यासारखं चालायचो.

संध्याकाळी मुलगी जिन्यावरून आली तेव्हा मी नीट पाहिलं. तिचाही खांदा पुढे होता. आठव्या वर्षी चेंडू आला की डोळे गच्च मिटणारी आणि डच मुलींच्या घोळक्यात आवाजच न निघणारी ही मुलगी. तिला त्यांनी फक्त एवढंच शिकवलं होतं की गाल समोरच्याच्या कमरेला लावायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. मिटलेस तर मान तुझी मोडेल.

त्याच वसंतात आजोबांची बायको गेली. ती नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथे म्हाताऱ्या माणसांना कायमचं सांभाळतात त्या ठिकाणी होती, तिला काही आठवत नसे. मार्चमध्ये होमची दारं भेटायला येणाऱ्यांना बंद झाली. आजोबा रोज सायकलने जायचे आणि तिच्या खिडकीबाहेरच्या फुलांच्या वाफ्यात उभे राहायचे. ती काचेतून बघायची, कधी हात हलवायची, कधी पडदा ओढून घ्यायची. पाच आठवडे. शेवटीही ते वाफ्यातच होते.

त्यानंतर मी त्यांना डबा द्यायला लागले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. स्टीलचा दोन पुडांचा डबा, खाली भात आणि कमी तिखट आमटी, वर भाजी. त्यांच्या दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवायचा, बेल वाजवायची, दोन पावलं मागे सरकायचं. पहिला डबा ते धुऊन, पुसून परत देत होते तेव्हा मी गमतीने म्हटलं, आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत, निदान साखरेचे दाणे तरी घालतात. त्यांनी खेळाचा नवा नियम ऐकावा तसं गंभीरपणे ऐकलं. पुढच्या वेळी डब्यात दोन संत्री होती.

हे सगळं माझ्या लाल वहीत आहे. गेलं काय, आलं काय. संत्री, पेपरमिंट, अर्धा पुडा बिस्किटं, कुंडीतली तुळशीसारखी दिसणारी काहीतरी डहाळी. ऑगस्टमध्ये एकदा डब्यात पदक आलं. मी घेऊन खाली गेले, तर त्यांनी हात मागे घेतला. राहू दे म्हणाले. मग टोपीवरचं भरतकाम केलेलं चिन्ह आलं. मग दातांना लावायचं जुनं रबर, ते मी साबणाने दोनदा धुतलं. मग भिंतीवरचे फोटो, शेवटी तो अंतिम सामन्याचा. प्रत्येक वेळी त्या वस्तूची गोष्ट ते त्यांच्या अंगणाच्या कठड्यापलीकडून सांगायचे आणि मी उभ्याउभ्या लिहून घ्यायचे, कारण नवऱ्याच्या क्लायंटच्या वडिलांना ती हवी असायची. मला वाटलं, माणूस मानी आहे, डब्याची परतफेड करतोय. वहीत मी ते सगळं 'भेट' या रकान्यात लिहिलं.

ऑक्टोबरपासून मी ती वही मागच्या बाजूनेही लिहायला लागले. पदकाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली, शेवट वेगळा. मला बायकोच्या नावाने हाक मारली. मुलीला विचारलं, आज सराव का नाही. क्लब बंद होऊन महिना झाला होता. स्वयंपाकघरात गॅस चालू, त्यावर काही नाही. हे शेवटचं मी खिडकीतून पाहिलं आणि काचेवर एवढ्या जोरात थापा मारल्या की दुसऱ्या मजल्यावरून कोणी तरी खाली डोकावलं.

त्यांनी गॅस बंद केला, दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभे राहिले. मी काय बघितलं हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, "पोरी, डॉक्टरला सांगू नकोस. मला काचेच्या आत टाकतील."

मी म्हटलं, नाही सांगणार.

हे मात्र मी वहीत लिहिलं नाही. वही ओट्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, चाळण्यांच्या मागे ठेवायला लागले. मला त्या वहीची भीती वाटायला लागली होती. मागची पानं कोणी वाचली तर त्यांचं घर जाईल. कोणीच वाचली नाहीत आणि गॅस पुन्हा चालू राहिला तर सोळा घरं. रोज सकाळी सहाला उठून मी आधी गॅलरीत जाऊन वास घ्यायचे. नवरा म्हणाला, अगं, वास येत नसेल तर तो वेगळा आजार असतो. मला हसू आलं नाही.

फेब्रुवारीत बर्फ पडला, कालवा गोठला आणि लोक मास्कशिवाय स्केटिंग करायला धावले. त्या आठवड्यातल्या बुधवारचा डबा गुरुवारी सकाळी माझ्या दारात आला. हलका होता पण वाजत होता. उघडला. आत औषधांच्या पाकिटांची गुंडाळी होती.

इथे फार्मसी म्हाताऱ्या माणसांची औषधं छोट्या पारदर्शक पाकिटांच्या लांब पट्टीत देते. प्रत्येक पाकिटावर वार आणि वेळ छापलेली. सकाळचं पाकीट फाडायचं, घ्यायचं, मग संध्याकाळचं. ती गुंडाळी दर दोन आठवड्यांनी मीच आणून द्यायचे आणि वहीत बरोबरची खूण करायचे. मी टेबलावर पट्टी उलगडली. ती टेबल ओलांडून खाली लोंबली. एकही पाकीट फाडलेलं नव्हतं. आणि तिच्या आत आधीच्या पंधरवड्याची दुसरी गुंडाळी होती, तीही अखंड.

औषधं पोचवली, अशी माझी खूण होती. घेतली का, असा रकानाच मी केला नव्हता.

नवऱ्याने पट्टी बघितली, माझ्याकडे बघितलं. अकरा महिन्यांत आमच्यापैकी कोणी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तो म्हणाला, "जा तू. मास्क दोन लाव. आणि आधी खिडकी उघड." पुढचे पाच दिवस तो मुलीच्या खोलीत झोपला.

आजोबा खुर्चीत बसले होते. पाय सुजून चपलांबाहेर आले होते आणि दोन शब्दांमध्ये त्यांना श्वास घ्यावा लागत होता. घर नीटनेटकं होतं. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. मी पट्टी त्यांच्यासमोर धरली आणि हे डब्यात का घातलं असं विचारलं.

"डबा रिकामा द्यायचा नाही, तूच म्हणालीस." मग म्हणाले, "बाकीचं सगळं तुला देऊन झालं."

मी विचारलं, पदक, फोटो हे सगळं मला का दिलंत? त्यांना माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. "तू लिहून ठेवतेस ना," ते म्हणाले. "माझ्याकडे राहत नाही आता."

मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. ते मला गोष्टी देत नव्हते, ठेवायला देत होते, आणि मी 'भेट' लिहून पान उलटत होते. खुर्ची दीड मीटरवर ओढून मी हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला फोन लावला. पायांची सूज सांगितली, श्वास सांगितला, औषधं सांगितली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे किती दिवस चाललंय, आणि आणखी काही लक्षात आलंय का?

इथे थांबता आलं असतं. नाही, आणखी काही नाही, एवढं म्हणायचं होतं. आजोबांना डच माझ्यापेक्षा उत्तम येतं, ते ऐकत होते. मी वही उलटी केली आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली, तारखांसकट. माझा आवाज ऑफिसात मिनिट्स वाचून दाखवताना असतो तसाच निघत होता. त्याची मला अजून लाज वाटते. मी वाचत असताना ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, भिंत धरत स्वयंपाकघरात गेले आणि माझ्यासाठी चहा ठेवला. किटलीत पाणी नव्हतं. मी उठून गॅस बंद केला आणि तेही फोनवर सांगितलं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलगी गॅलरीत उभी होती. तिने वरून "कोच!" अशी हाक मारली आणि त्यांनी स्ट्रेचरवरून हात वर केला, सराव संपला की करायचे तसा.

हॉस्पिटलातून ते घरी परतले नाहीत. एप्रिलमध्ये त्यांना होममध्ये जागा मिळाली, ट्रामने अर्धा तास. तोवर तिथल्या सगळ्यांना लस मिळाली होती, दारं उघडली होती, पण दिवसाला एकच माणूस आणि तासभरच. भेटीला येणारी व्यक्ती म्हणून फॉर्मवर त्यांनी माझं नाव दिलं होतं. विचारपूर्वक दिलं की तेवढंच एक आठवलं, मी कधी विचारलं नाही.

पहिल्या भेटीला जाताना ट्राममध्ये मी एकच वाक्य मनात घोळवत होते. ते म्हणतील, तू कबूल केलं होतंस. ते काही म्हणाले नाहीत. म्हणजे विसरले, की बोलायचं नाही असं ठरवलं, हे मला आजही माहीत नाही, आणि प्रत्येक भेटीत पहिली पाच मिनिटं मी त्याचीच वाट बघते.

डब्यात मी आता भात नेत नाही. एकेक वस्तू नेते. त्या पहिल्या भेटीला तो अंतिम सामन्याचा फोटो नेला होता. त्यांनी विचारलं, हा कोण? मी लाल वही उघडून त्यांची गोष्ट त्यांना वाचून दाखवली: खाण, कप, बदली खेळाडू नाही, डाव्या बाजूचं हाड मोडलेलं, शेवटचं मिनिट.

"उजव्या," ते म्हणाले.

मी पेन काढून दुरुस्ती केली. त्यांनी मान हलवली आणि पुढे वाच अशी खूण केली.

निघताना त्यांनी डबा मागून घेतला. खोलीभर काहीतरी शोधलं, खण उघडले, बंद केले, माझ्याकडे पाठ करून काही तरी आत घातलं आणि झाकण दाबून लावलं. मी धन्यवाद म्हटलं. कॉरिडॉरमध्ये नर्स होती म्हणून तिथे उघडला नाही. बाहेर ट्रामच्या थांब्यावर, बाकावर बसून उघडला.

कॉफीबरोबर मिळतात तशा साखरेच्या दोन कागदी पुड्या होत्या. मी त्या बाहेर काढल्या, पुडं वेगळी केली, तळाशी बोट फिरवून बघितलं. गोळ्या नव्हत्या. मग झाकणाच्या आतूनही एकदा बघितलं.