सोम-बुध-शुक्रचा वाद

लातूरला माझं डायलिसिस सुरू होऊन तीन महिने झाले असतील, तेव्हा माझ्या शेजारच्या खाटेवर दुसऱ्या दवाखान्यातून चाकूरचे एक काका आले. साठीच्या आतबाहेरचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सदऱ्याच्या गळ्यातून दिसणारा लिंगाचा दोरा. चाकूरला त्यांचं लोखंडाचं दुकान होतं, सळया, पत्रे, अँगल असं सगळं. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्या पेशंटांना हात जोडून लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे "शरणार्थ" म्हटलं आणि एखाद्या लग्नघरी आल्यासारखे खाटेवर जाऊन बसले.

मी शाळेत गणित शिकवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात ते अकरा मशीनला आणि मग दुपारचे तास, असं शाळेने जमवून दिलं होतं. मशीनला लागलं की चार तास एक हात अजिबात हलवायचा नसतो. उरतो दुसरा हात, आणि त्यात मोबाइल. काका तो मोठ्या आवाजात लावत.

एका बुधवारी ते म्हणाले, "बाई, तुमी शिकवता ना? हे जरा बघा अन् सांगा."

व्हिडिओ अमेरिकेतल्या त्या दोन उंच मनोऱ्यांचा होता. पळवलेली विमानं, धूर, कोसळणं. वर एक माणूस हिंदीत समजावून सांगत होता की विमानांनी काही झालं नाही, आत आधीच सुरुंग पेरले होते, सगळा कट त्यांच्याच सरकारचा.

"विमानात काय असतंय? एक प्रकारचं रॉकेलच," काका म्हणाले. "रॉकेलनं लोखंड वितळतंय का? मी चाळीस वर्षं लोखंड विकून राहिलो, बाई. मला शिकवू नका."

मला एकदम राग आला. ते मनोरे पडले त्या संध्याकाळी मी नांदेडला होते, डी.एड. करत. घरमालकिणीच्या टीव्हीवर मी ते घडताना पाहिलं होतं. वरच्या एका खिडकीतून कुणीतरी पांढरं कापड हलवत होतं आणि घरमालकीण लसूण सोलायची थांबून म्हणाली होती, "अगं, कुणीतरी शिडी लावा की त्याला." ते कापड माझ्या डोळ्यांपुढून बरेच दिवस गेलं नव्हतं. आणि इथे हा माणूस ते सगळं नाटक होतं म्हणत होता.

मी वाद घातला. त्या दिवशी घातला, शुक्रवारी घातला, पुढे महिनाभर घातला. दर खेपेचं वजन लिहायच्या कार्डाच्या मागे आकृत्या काढल्या. इतक्या लोकांनी मिळून केलेलं गुपित इतकी वर्षं कसं टिकेल, हे विचारलं. वर्गात फळ्यापुढे बोलते तसं बोलले, आणि बऱ्याचदा जिंकले. जिंकले की काका तोंड खिडकीकडे करून पडून राहत आणि पुढच्या खेपेला आणखी चार व्हिडिओ घेऊन येत. सिस्टर बीपी बघून म्हणायच्या, "तुम्हा दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यात टाकते आता." टाकलं मात्र कधी नाही. बाकीचे पेशंट टीव्ही बंद करून आमचं ऐकत.

एका सोमवारी मला बोलायचाही कंटाळा आला होता. रात्रभर पायात गोळे आले होते. काकांनी परत लोखंडाचं काढलं, तेव्हा मी फक्त विचारलं, "काका, तुमच्या दुकानातला जाड अँगल वाकवायचा असला तर काय करतात?"

"लोहाराकडं न्यायचा. तापवायचा."

"वितळेपर्यंत?"

काका म्हणाले, "बघतो."

मला वाटलं, विषय संपला. पण शुक्रवारी ते आले ते सुया टोचून व्हायच्या आधीच सांगायला लागले. चाकूरच्या लोहाराकडे त्यांनी दुकानातला अँगल नेला होता. दोन दगडांवर आडवा ठेवला, मधोमध वजन टांगलं आणि खालून भाता चालू केला.

"थंडा होता तवा मी स्वतः वर उभा राहिलो. हलला न्हाई. मग लाल झाला अन् त्या एवढ्याशा वजनानं खाली बसला बघा, म्हातारा माणूस खाली बसावा तसा. वितळला न्हाई. एक थेंब न्हाई."

"मग?"

"मग काय? वितळत न्हाई म्हणणारा खरंच बोलून राहिला. पण वितळायची गरजच न्हाई."

मला इतका आनंद झाला होता की त्या भरात मी चूक केली. काकांनी लगेच विचारलं, "पण त्या तिसऱ्या इमारतीचं काय? तिला तर विमान लागलंच न्हाई. तीबी पडली."

"अशी तिसरी इमारत नव्हतीच, काका. ते रचलेलं आहे," मी ठामपणे सांगून टाकलं.

घरी गेल्यावर वाचायला बसले. तिसरी इमारत होती. त्याच दिवशी संध्याकाळी पडली होती. शेजारच्या मनोऱ्याचे जळते तुकडे तिच्यावर पडले, दिवसभर आग लागून राहिली, पाण्याच्या वाहिन्या तुटल्यामुळे विझवता आली नाही. ती नेमकी कशी पडली हे नीट सांगायला तपास करणाऱ्यांनाही काही वर्षं लागली होती. हे सगळं न वाचता मी एका माणसाला खोटं पाडलं होतं.

सोमवारी मशीनला गेले. वर्गात चूक झाली की मी फळा पुसून पुढे जाते. इथे पुसायला काही नव्हतं.

"काका, मी चुकले," मी म्हणाले. "ती इमारत होती. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले." मग जे वाचलं होतं ते सांगितलं, आणि जे कळलं नव्हतं तेही सांगितलं.

मला वाटलं होतं, आता ते महिनाभर ऐकवतील. पण काकांनी मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाले, "एवढे व्हिडिओ बघितले मी. त्यातला एक माणूस कधी 'मी चुकलो' म्हणला न्हाई."

त्या दिवशी त्यांनी मला आपल्या भागात त्र्याण्णव साली झालेल्या भूकंपाचं सांगितलं. त्यांची थोरली बहीण त्यात गेली होती. आधी बरेच महिने जमीन गुरगुरत होती, बहीण माहेरी येऊ का म्हणून विचारत होती, आणि सगळे जाणते लोक म्हणत होते, काही होत नाही, घाबरू नका. काकांनीही तिला तेच सांगितलं. "तवापासून कुणी मोठ्या माणसानं 'काही न्हाई' म्हटलं की मला वाटतंय, ह्याला ठावं हाय अन् हा लपवू राहिला."

काकांच्या बरोबर दर खेपेला काकू येत. त्या बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसायच्या. एकदा मला सलाइनच्या खोलीपाशी गाठून म्हणाल्या, "बाई, तुमचं ऐकतेत ते. त्यांना एवढं सांगा. मी किडनी द्यायला तयार हाय. दीड वर्ष झालं म्हणून राहिले. ते तपासणीबी करू देईनात."

मी काकांना विचारलं. आधी त्यांनी उडवून लावलं. मग मोबाइल काढून एक मेसेज दाखवला. किडनी देणारा माणूस दोन वर्षांत मरतो, डॉक्टर लोक हे लपवतात, हा सगळा धंदा आहे, पुढे पाठवा. 'दोन वर्षांत' या शब्दांवर त्यांनी अंगठा ठेवला. तेव्हा मला कळलं, महिनाभर मी ज्यावर आकृत्या काढत होते ते कितीतरी सोपं होतं. हा माणूस बायकोला 'काही होत नाही' म्हणायला तयार नव्हता. एकदा तो ते बहिणीला म्हणाला होता.

मला फार काहीतरी हुशार बोलावंसं वाटत होतं. पण एवढंच म्हणाले, "हे खरं की खोटं, मी सांगून तुम्हाला पटणार नाही. अँगलसारखं बघता येईल का?"

सिस्टर मशीनचा आकडा लिहीत होत्या. त्या म्हणाल्या, "देवणीला एक मावशी आहेत. आपल्याच पेशंटच्या आई. मुलाला किडनी देऊन अकरा वर्षं झाली. विचारू का त्यांना?"

त्या रविवारी काका आणि काकू देवणीला गेले. सोमवारी काका आले ते हसत होते.

"बाई, आमी गेलो तवा ती बाई खोंडाला दावं लावून ओढत होती. देवणीचं खोंड, बघा, कसलं ताकदीचं. मला म्हणली, थांबा पाव्हणं, ह्येला बांधून येते. पदर सारून दाखवू का म्हणली वण, मीच नको म्हणलो." मग म्हणाले, "मी तिला विचारलं, दुखतंय का कधी? ती म्हणली, पावसाळ्यात जरा ओढल्यासारखं होतंय. दरसाल तपासून येते. खोटं बोलली असती तर 'काहीच न्हाई' म्हणली असती."

"मग काय ठरवलं?"

"तपासणी करू म्हणलो. डॉक्टरला सगळं लिहून विचारणार हाय, दोन पानं झालेत. जमलं न्हाई तर न्हाई."

डॉक्टरांनी ती दोन पानं सबंध वाचली आणि एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. काकूंना काय धोका आहे तोही स्पष्ट सांगितला. काकांना त्याचंच बरं वाटलं. तपासण्या, कागदपत्रं, मंजुरी देणाऱ्या समितीपुढची मुलाखत, यात बरेच महिने गेले. मधल्या काळात आम्ही वाद घालतच राहिलो, पण आता चंद्रावर माणूस गेला की नाही यावर, आणि दोघंही आधी वाचून येत असू. एकदा नव्या पेशंटने कुठलासा व्हिडिओ पुढे केला, तर काका त्याला म्हणाले, "ठेव. घरी जाऊन बघू. दोन ठिकाणी बघू."

ऑपरेशनसाठी दोघं पुण्याला गेले. आठवडाभर काही कळलं नाही. शेजारच्या खाटेवर दुसरं कुणीतरी होतं, आणि मला एकटीला चार तास जात नव्हते.

एका शुक्रवारी मी मशीनला असतानाच फोन वाजला.

"बाई, तुमची काकू उठून बसली. चहा मागितला." आवाज क्षीण होता पण काकांचाच होता. मग तो एकदम हळू झाला. "एक सांगू का? सांगू नये, पण तुमाला कळंल. लघवी झाली. भरपूर. दोन वर्षांनी."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, बाईमाणसाला काय सांगू राहिलात?"

किडन्या गेल्या की हळूहळू लघवीच बंद होते; आम्हा मशीनवाल्यांना लघवी म्हणजे काय हे बाहेरच्यांना समजायचं नाही. मी इतकी हसले की हात हलला, मशीन ओरडायला लागलं आणि सिस्टर धावत आल्या. त्यांना कारण सांगितलं, तर त्याही तिथेच उभ्या राहून हसू लागल्या. मग सगळ्या खाटांना बातमी कळली.

या गोष्टीला वर्ष होत आलं. काकू आता दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. मला किडनी देण्यासाठी माझ्या भावाच्या तपासण्या गेल्या महिन्यात सुरू झाल्या आहेत. त्याच्याही मनात शंका आहेत. मी त्याला म्हटलं, लिहून काढ.